घरची प्रत, बाजारची प्रत

माणूस लग्नाच्या बायोडाटात जितका चांगला दिसतो, तितका पुढे आयुष्यात कधीच दिसत नाही. यात त्याचा काही हात नसतो. ती माझी कारागिरी असते. लातूरच्या बसस्टँडासमोरच्या बोळात मी बत्तीस वर्षं बसलो. सुरुवातीला तिथे टायपिंग इन्स्टिट्यूट होती, म्हणून लोक मला अजून मास्तर म्हणतात. मग टाइपरायटर गेले, संगणक आला आणि अर्ज, शपथपत्रं, भाडेकरार यांच्या जोडीला बायोडाटे आले. आता दुकान दुसऱ्याला चालवायला दिलंय. पण अजूनही एखाद्या लग्नात कुणीतरी ओळख करून देतं, "ह्यांनीच आपला बायोडाटा केला होता," आणि नवरा-नवरीतलं एकजण माझ्याकडे जरा रोखून बघतं.

बाहेरच्यांना वाटतं, यात काय एवढं? नाव, उंची, रास, नाडी लिहायची, वर गणपती बसवायचा, झालं. पण तो कागद फोनमधून चुलत्याकडे, चुलत्याकडून मामाकडे, मामाकडून त्याच्या साडूकडे जातो. कुणालाच वाचायला सवड नसते. फोटो, नोकरी आणि मामाचं गाव, एवढ्यावर नजर जाते. बाकीच्या ओळी वाचतात त्या फक्त खोट सापडते का ते बघायला. ती सापडू न देणं हे माझं काम. मी त्याला इस्त्री म्हणायचो. खोटं लिहायचं नाही, सुरकुती तेवढी घालवायची. घरात कुणाशीच पटत नाही तो 'स्वतंत्र विचारांचा'. तीन ठिकाणांहून काढून टाकलेला 'विविध क्षेत्रांतील अनुभव' असलेला. टक्कल पडलेल्याचा फोटो फेट्यात. एकदा तर एका आजोबांनी मी केलेला कागद पूर्ण वाचला आणि म्हणाले, स्थळ चांगलं दिसतंय, आपल्या नातीसाठी विचारायचं का? तो त्यांच्याच नातवाचा होता.

या इस्त्रीच्या पुढची एक पायरी होती. ती लिहिताना आता जरा लाज वाटते, पण धंद्याविषयी लिहायचं म्हटल्यावर ती गाळून चालणार नाही. घरातच एकमत नसलं की मी दोन प्रती करायचो. मुलाला लिहायचं असतं 'हुंडा घेणार नाही', बापाला ते नको असतं. मुलीला लिहायचं असतं 'लग्नानंतर नोकरी करणार', आजीला ते नको असतं. अशा वेळी लेकराच्या हातात त्याच्या मनासारखा छापील कागद द्यायचा आणि वडीलधाऱ्यांच्या फोनवर त्यांच्या मनासारखी फाइल पाठवायची. पहिली घरची प्रत, दुसरी बाजारची. घरची प्रत कपाटात पडून राहते, बाजारची गावोगाव फिरते. लग्न लागेपर्यंत कागदाची कुणाला आठवणही राहत नाही. बत्तीस वर्षांत हे दोन कागद समोरासमोर आले ते फक्त एकदा.

निलंग्याचे दत्तराव पाटील आपल्या मुलीला घेऊन आले, तेव्हा मी नेहमीसारखा फॉर्म उघडला. पल्लवी एकोणतीस वर्षांची, मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरीला. शेतकरी पिशवीत माती घेऊन येतात, ती तपासून त्यात काय कमी आहे ते सांगायचं, हे तिचं काम. माझ्याकडे न बघता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत ती उत्तरं देत होती. उंची विचारली तर म्हणाली, पाच फूट सव्वातीन इंच. मी पाच-चार टाइप केलं. तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. मी सांगितलं की सगळेच एखादा इंच वाढवतात. ती म्हणाली, मग सगळ्यांचाच एक इंच खोटा आहे. मी निमूटपणे सव्वातीन केलं. रंगापाशी आलो आणि सवयीने 'निमगोरा' लिहू का विचारलं. आमच्याकडे मातीचे रंग लावून बघायचा तक्ता असतो, त्यात बघून सांगू का, असं ती अगदी गंभीरपणे म्हणाली. ही थट्टा होती हे मला दोन दिवसांनी कळलं.

मग तिने सांगितलं की एक ओळ घालायची आहे, ती ऑटिझम स्पेक्ट्रमवर आहे. मी हे नाव पूर्वी कधीतरी एका पोस्टरवर वाचलं होतं, अर्थ ठाऊक नव्हता. कधी झालं, विचारलं. दोन वर्षांपूर्वी, पुण्यात, म्हणाली. मी ते शिक्षणाच्या रकान्यात टाकलं, बी.एस्सी. ॲग्रीच्या खाली, आणि श्रेणी कोणती तेही विचारलं.

ती हसली नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं ते दोन वर्षांपूर्वी, पण आहे जन्मापासूनच, असं तिने मला शांतपणे समजावलं. तिला मोठे आवाज सोसत नाहीत, ट्यूबलाइटची गुणगुण डोक्यात शिरते. समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं की त्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ती भिंतीकडे बघते. लोक आडून बोलतात ते समजत नाही. आणि आहे ते आहे तसं सांगितल्याशिवाय राहवत नाही. शेवटची अडचण माझ्या दुकानात विशेष धोक्याची होती.

लग्न करायचं तर आधी सांगूनच करायचं, एवढं तिचं ठरलेलं होतं. सत्तावीस वर्षं आपण नेमकं कुठे चुकतोय ते न कळता माणसांत वावरले, म्हणाली, आता नवऱ्याच्या घरात पुन्हा तेच नको. प्रश्न उरला होता तो शब्दाचा. कुठल्या नावाने सांगायचं? त्यासाठी तिने एक वही आणली होती. डावीकडे शब्द, मध्ये तो कुणावर वापरून पाहिला ते, उजवीकडे निकाल. मातीचे नमुने नोंदवावेत तसे. ते पान मी इतक्यांदा वाचलं की पाठ झालंय.

'स्वमग्न' हा शब्द कंधारच्या आत्यावर वापरला होता. निकाल: "म्हंजी घमेंडी. ते आमाला कवाच ठाऊक हाय." 'सौम्य ऑटिझम' हा साहेबांवर. साहेब म्हणाले, सौम्यच आहे ना, मग काही अडचण नाही, आणि त्यांनी तिला शेतकरी मेळाव्यात लाउडस्पीकरच्या खाली उभं केलं. 'एस्पर्जर' हा इंजिनियर मावसभावावर. त्याने आदराने एक भलामोठा गुणाकार घातला, तो तिला आला नाही, मावसभाऊ नाराज झाला. खाली शेरा होता की हे नाव डॉक्टर आता वापरत नाहीत. 'विशेष' हा शब्द शेजारच्या काकूंवर. काकूंनी डोळे पुसले आणि अर्धा डझन केळी दिली. शेरा: केळी चांगली होती. 'स्पेक्ट्रमवर' हा मामांवर. मामांनी विचारलं, तिथनं लातूरला बदली मिळंल का? हे वाचून मला जरा धीर आला, कारण शिक्षणाच्या रकान्यात टाकणारा मी एकटाच शहाणा नव्हतो. 'ऑटिस्टिक' हा प्रयोगशाळेतल्या एका बाईंवर. बाई त्या दिवसापासून तिच्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलू लागल्या.

एवढा चांगला पेच माझ्या टेबलावर बऱ्याच दिवसांत आला नव्हता. मी माझी शब्दांची पेटी उघडली. 'अंतर्मुख' सुचवलं, 'एकांतप्रिय' सुचवलं, 'मितभाषी' सुचवलं. ती एकेक तपासून बाजूला ठेवत गेली. मी मितभाषी नाही, म्हणाली, मातीवर बोलायला लागले की दोन तास थांबत नाही. 'स्वमग्न' का नको, विचारलं. म्हणाली, मी स्वतःत कुठे मग्न असते? मातीत असते. 'ऑटिझम आहे' असं लिहू म्हटलं, तर म्हणाली, आहे म्हटलं की लोक विचारतात, बरा कधी होणार.

शेवटी तिने वही मिटली. "शब्द कोणताही घेतला तरी लोक मनातच अर्थ लावतात, मास्तर. विचारत कुणीच नाही. मग मला जो माझा वाटतो तोच घेते, आणि विचारा म्हणून लिहिते."

आणि तिने सांगितलं, मी टाइप केलं: 'मी ऑटिस्टिक आहे. म्हणजे काय, ते मला विचारा.' बायोडाटात असं कुणी लिहीत नाही म्हटलं. मी लिहितेय ना, म्हणाली. स्वभावाच्या रकान्यात टाकू का विचारलं, तर तो स्वभाव नाही म्हणाली. रक्तगटाच्या खाली वेगळी ओळ केली.

तेवढ्यात समोरच्या रसवंतीवाल्याने मशीन सुरू केलं. त्याच्या चाकाला घुंगरं बांधलेली असतात. पल्लवी कानांवर हात ठेवून उठली आणि बोळाच्या पार टोकाला जाऊन उभी राहिली. इतका वेळ बाकावर गप्प बसलेले दत्तराव माझ्या खुर्चीजवळ सरकले.

"मास्तर, तेवढी वळ काढा," ते हळू आवाजात म्हणाले. "माझी पोरगी काय येडी हाय का? नोकरी करतीया, घर बघतीया. पर ही वळ दिसली की लोक म्होरचं वाचणारच न्हाईत. उद्या मी न्हाई राहिलो तर कोण हाय तिला?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते काही नाटक नव्हतं. आणि माझ्याकडे या दुखण्यावर तयार औषध होतं. मी पल्लवीसाठी तिच्या ओळीसकट कागद छापला. दत्तरावांच्या फोनवर जी फाइल पाठवली, तिच्यात ती ओळ नव्हती. त्या जागी होतं, 'शांत, अभ्यासू, स्वतःत रमणारी'. एक अक्षर खोटं नाही आणि सुरकुती एक नाही. उंचीही पाच-चार करून टाकली. त्या संध्याकाळी घरी जाताना मी स्वतःवर फार खूश होतो.

महिन्याभरात देगलूरचं स्थळ आलं. मुलगा शिवराज, नांदेडला भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक, म्हणजे जमिनीची मोजणी करणारा. बघण्याचा कार्यक्रम झाला, पसंती आली. पल्लवी मुद्दाम लातूरला येऊन दुकानात पेढे देऊन गेली. तिला मी हसताना पहिल्यांदाच पाहत होतो. ती म्हणाली, पाच माणसं आली होती, त्या ओळीबद्दल कुणीच काही बोललं नाही, म्हणजे वाचून चाललं त्यांना. शिवराजने एकांतात तरी विचारावं असं वाटलं होतं, पण तो लाजला असेल, पुढे विचारेल.

त्याच वेळी मला सांगता आलं असतं. मी पेढा तोंडात टाकला. तोंड भरलेलं असताना बोलता येत नाही, अशी सबब त्या दिवशी मी स्वतःला दिली. पेढा असा कितीसा मोठा असतो?

कुंकवाच्या, म्हणजे सोयरीक पक्की करण्याच्या कार्यक्रमाचं मला आमंत्रण होतं. निलंग्याच्या एका मंगल कार्यालयात चाळीसेक माणसं होती. वाजंत्री नको असं पल्लवीने आधीच सांगून ठेवलं होतं, पण देगलूरकर हौसेने हलगीवाले घेऊन आले. हलगी कडाडली तशी पल्लवीने कानांत बोळे घातले आणि ती बाजूच्या खोलीत जाऊन बसली. मुलाची आत्या, सगळे त्यांना अक्का म्हणत होते, तिच्या मागोमाग गेल्या आणि लगबगीने परत आल्या. पोरगी कानात बोळे घालून भिंतीकडं तोंड करून बसलीय, ही काय भानगड हाय, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

हलगी थांबली. पल्लवी बाहेर आली. ती घाबरलेली नव्हती. तिच्या हिशोबाने हे सगळ्यांना माहीतच होतं. बायोडाटात लिहिलंय ना, म्हणाली. मुलाच्या चुलत्यांनी फोन काढला, फाइल उघडली आणि मोठ्याने वाचलं: शांत, अभ्यासू, स्वतःत रमणारी. हे माझं नाही, असं म्हणत पल्लवीने पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि तिची ओळ वाचली. मग तो फोन आणि हा कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले गेले.

चुलते म्हणाले, आता पकडलं गेलं म्हणून नवीन छापून आणलंय, ही फसवणूक आहे. मी खोटं बोलत नाही, असं पल्लवी म्हणाली. ते पुन्हा म्हणाले. तीही पुन्हा म्हणाली, त्याच आवाजात, तेच शब्द. जिला एक इंचसुद्धा खोटा चालला नाही, तिला चाळीस माणसांसमोर खोटारडी म्हणत होते. दत्तरावांनी मान खाली घातली होती. माझ्या हातात चिवड्याची बशी होती आणि मी तिच्यातले शेंगदाणे बघत होतो. तिसऱ्यांदाही तिने तेच वाक्य म्हटलं. तरीही मी बसून राहिलो, हे इथे लिहायलाच हवं.

"मास्तर तिथे बसलेत," पल्लवी म्हणाली. "दोन्ही कागदांवर त्यांचाच गणपती आहे. त्यांना विचारा."

तिला आडून बोलणं समजत नाही, तसं आडून सुचवताही येत नाही. चाळीस माना माझ्याकडे वळल्या. मी बशी खाली ठेवून उठलो. म्हणालो, दोन्ही मीच केलेत. तिने सांगितलेला तिच्या हातातला, तुमच्या फोनमधला माझा. माझ्या पाठोपाठ दत्तराव उठले आणि म्हणाले, माझ्या सांगण्यावरनं केलाय त्यांनी, पोरीला ठाऊक न्हाई. एवढंच बोलून ते खाली बसले ते पाहुणे जाईपर्यंत पुन्हा उठलेच नाहीत.

देगलूरकर गेले. शिवराज सगळ्यात शेवटी निघाला. दारात थांबून त्याने टेबलावर राहिलेल्या तिच्या कागदाकडे पाहिलं, काहीतरी विचारावं असं तोंड केलं, आणि मग चपला घालून गाडीत जाऊन बसला.

पंधरा दिवसांनी पल्लवी दुकानात आली. एकटीच होती. मी बोलणी खायच्या तयारीत होतो, खरं तर खायची इच्छाच होती. म्हटलं, चुकलो माय. "हो," ती म्हणाली. दुसरं कुणी असतं तर जाऊ द्या काका म्हणालं असतं. त्या एका होकाराने मला हलकं वाटलं, कारण तो हिशोबाने तेवढाच होता, जास्त नाही आणि कमीही नाही.

तिने वही काढून माझ्यासमोर धरली. यादीत नवी नोंद होती. शब्द: 'शांत, अभ्यासू, स्वतःत रमणारी'. कुणावर वापरला: चाळीस माणसांवर, मास्तरांनी. निकाल: सोयरीक मोडली. त्याच्याखाली दुसरी नोंद. शब्द: 'ऑटिस्टिक, मला विचारा'. कुणावर वापरला: अजून कुणावरच नाही. शेरा: भांडणात वाचला तो धरलेला नाही.

"माझ्या शब्दाला अजून कुणी नकार दिलेला नाही, मास्तर," ती म्हणाली. "नकार तुमच्या शब्दाला आलाय."

माझी इतक्या वर्षांची इस्त्री त्या वहीत एका ओळीत मावली होती. तिला नवा कागद हवा होता. एकच प्रत, एकच फाइल, तिच्या स्वतःच्या फोनवर. मी टाइप करत होतो आणि ती शेजारी स्टुलावर बसून स्क्रीन बघत होती. उंची पाच फूट सव्वातीन इंच. ओळ रक्तगटाच्या खाली. तिने दोनदा वाचून घेतलं आणि मगच पाठवायला सांगितलं. दत्तराव का आले नाहीत विचारलं, तर म्हणाली, बाबा अजून रुसलेत, पण घरातली ट्यूबलाइट त्यांनी स्वतः बदलून साधा दिवा लावलाय. त्या दिवसानंतर मी दोन प्रती केल्या नाहीत. काही गिऱ्हाइकं तुटली, बोळात अजून दोन दुकानं आहेत.

यानंतर दोनेक महिन्यांनी दुपारी एक तरुण नांदेडच्या एसटीतून उतरून दुकानात आला. मी त्याला लगेच ओळखलं. शिवराज म्हणाला, तो दुसरा कागद मिळेल का, नीट वाचायचा होता, त्या दिवशी वाचता आला नाही. माझा हात सवयीने माउसकडे गेला, आणि थांबला. मी पल्लवीला फोन लावून विचारलं, देऊ का?

"कागद देऊ नका," ती म्हणाली. "त्यावर काय लिहिलंय ते त्यांनी ऐकलंय. विचारा म्हणावं."

मी फोन त्याच्या हातात दिला. तो बाहेर जाऊन रसवंतीपाशी उभा राहिला. तिकडून बहुतेक काहीतरी सांगितलं गेलं असावं, कारण तो घुंगरांपासून लांब, बोळाच्या त्याच टोकाला गेला. दीड तासाने परत आला तेव्हा माझ्या फोनची बॅटरी संपत आली होती. त्याचा शर्ट घामाने भिजला होता. मातीवर बोलत होत्या, एवढंच तो म्हणाला, आणि पाणी मागून घेतलं.

पुढे काय झालं, ते मला सगळं ठाऊक आहे. अगदी दोन ओळींत, छान इस्त्री करून सांगताही येईल. तेवढी कला हातात अजून आहे. आजवर मी शेकडो माणसांविषयी, त्यांना न विचारता, त्यांच्या वतीने बोललो. पण हे मात्र मला विचारू नका. तिने लिहून ठेवलंय कुणाला विचारायचं ते.